खांद्यावरची चार बोटं

तारीख: आषाढातला शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा.
ठिकाण: आमची पुढची खोली, बमरोली.
हजर: आबा, म्हणजे माझे सासरे, काळ्या चष्म्यात, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झालेले. नवरा. दीर. जाऊबाई. मी. नणंद जळगावहून फोनवर, स्पीकर चालू.
भिंतीवर: सासूबाई, हार घालून. पण त्या हजर आहेत की नाहीत, यावरच बैठक होती.

घरच्या बैठकीची अशी नोंद ठेवणारी बमरोलीत मी एकटीच असेन. नवरा लोकांना सांगतो, हिच्याकडे स्वतःच्या डोहाळजेवणाचंही इतिवृत्त आहे. आहे. लाडू किती उरले तेही त्यात आहे.

झालं होतं असं. मंगळवारी आबांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. घरी आल्यावर चपला काढल्या, पाणी प्यायले आणि खुर्चीत बसायच्या ऐवजी भिंतीसमोर जाऊन उभे राहिले. सासूबाई गेल्यावर कितीतरी वर्षं त्यांनी त्या फोटोकडे मान वर करून बघितलंच नव्हतं, आणि गेली सात-आठ वर्षं त्यांना सगळंच धूसर दिसत होतं. ऑपरेशन टाळत आले होते, कारण जन्म लूमवर गेलेला. तुटलेला धागा हातानं सापडतो, त्याला डोळे कशाला, असं त्यांचं म्हणणं. आता पहिल्यांदाच समोरचं स्वच्छ दिसत होतं. डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलेला चष्मा त्यांनी काढला, फोटोकडे नाक नेलं आणि विचारलं, "हाई कोन शे?"

"आबा, आई आहेत," मी म्हणाले.

ते पुन्हा वाकून बघायला लागले. मला वाटलं, डोळ्यात काही बिघडलं. थेंबांच्या तक्त्यावर डॉक्टरांचा नंबर होता, तो शोधायलाही लागले. तेवढ्यात ते म्हणाले, "हाई मनी बायको नही."

यात त्यांची चूक नव्हती. सासूबाई एका पौषात अचानक गेल्या, त्याला वीसेक वर्षं झाली. दहाव्याला फोटो हवा होता आणि कामांची यादी माझ्याकडे होती. घाईत हाताशी लागलं ते त्यांचं मतदार ओळखपत्र. स्टुडिओवाल्यानं त्यावरचा पेराएवढा चेहरा भिंतीएवढा केला आणि जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं स्वतःच्या अंदाजानं भरून काढलं. भुवया त्याच्या, ओठ त्याचे, नजर सरकारी. फ्रेम आली, हार चढला, यादीत मी खूण केली. खूण झालेल्या कामाकडे मी परत वळून बघत नाही. हा माझा गुण आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

आबा पलंगावर बसले. भिंतीकडे पाठ करून बसले. म्हणाले, "आते डोया मिटा तरी हाईच दिखस. तिनं तोंड मले याद येत नही."

डोळे मिटले तरी आता हीच बाई दिसते, तिचा चेहरा आठवत नाही. आमच्या घरात जेवणात मीठ कमी पडलं तरी आवाज चढतो. हे मात्र त्यांनी इतक्या हळू सांगितलं की नवऱ्यानं टीव्ही बंद केला.

मग त्यांना एक फोटो आठवला. श्रावणात आमच्या खानदेशी घरांतून कानबाई बसते, रविवारी रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, होतात, भाऊबंद जमतात आणि सोमवारी देवीला वाजतगाजत नदीवर नेतात. सासूबाई गेल्या त्याच्या आधीच्या श्रावणात, निघायच्या वेळी, दाराशी दिराच्या मित्रानं फोटो काढला होता. दीर आकाशी शर्टात, शेजारी सासूबाई, एक हात लेकाच्या खांद्यावर, आणि कुणीतरी काहीतरी बोलल्यामुळे त्या मोकळ्या हसत होत्या. रोल कॅमेऱ्यातच राहिला, त्या गेल्यावर धुऊन आला. तोवर भिंतीवरची जागा भरली होती.

"तो फोटो कोठे शे?" आबांनी विचारलं.

आणि इथं मी ते वाक्य बोलले. "माझ्याकडे आहे आबा. रविवारी सगळे आले की दहा मिनिटांत काढून देते."

हा आत्मविश्वास कुठून आला ते सांगते. मी एका डाइंग मिलच्या ऑफिसात आहे. कापडावर डाग पडला, छपाई सरकली, रंग उतरला की त्याचे फोटो वर्डमध्ये लावून व्यापाऱ्याला रिपोर्ट पाठवायचा, हे माझं काम. शंभर मीटरचा ताका चांगला असू दे, माझ्या फोटोत दिसणार तो बोटभर डागच. बाकी सगळं मी क्रॉप करते. या कामात माझा दबदबा आहे. माझ्या टेबलासमोर भिंतीवर 'फोटोचे सात नियम' लावलेले आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे हात लागून मळू नयेत. नियम पहिला: फोटो कोपऱ्याला धरून ओढावा, कडेला धरून नाही. (आमच्या गुजराती अकाउंटंटनं कडेला धरून ओढला होता, तेव्हा शेठ दिवाळीच्या शुभेच्छापत्रात पुरणपोळीसारखे पसरले होते.) नियम तिसरा: फोटो मजकुराच्या ओळीतच ठेवावा, तरंगता ठेवला की तो पुढच्या पानावर पळतो आणि मागची तीन पानं विस्कटतात. नियम सहावा: फाइल पाठवण्याआधी फोटो कम्प्रेस करावेत आणि क्रॉप केलेला भाग कायमचा काढून टाकावा.

सहावा नियम लक्षात ठेवा. मी तो जाड अक्षरात केला आहे.

तर रविवारी दिरानं टीपॉय पुढे ओढला, मी लॅपटॉप ठेवला, पेन ड्राइव्ह लावला. त्या कानबाईच्या फोटोचा कागद आता उरलेला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मागे एकदा खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा अल्बम, निगेटिव्हसकट, पलंगाच्या पेटीत होते. तीन दिवसांनी पेटी उघडली तर सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. माझ्या याद्यांच्या वह्या मात्र माळ्यावर कोरड्या राहिल्या. काय माळ्यावर जाईल आणि काय पेटीत, हे मीच ठरवलेलं होतं.

पण फोटोचा कागद गेला तरी मी तो आधी स्कॅन केलेला होता. सासूबाई गेल्यावर घरातलं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं मोठ्यांनी सांगितलं आणि दिरासाठी स्थळं बघायची घाई झाली. त्याचा बायोडेटा वर्डमध्ये मी केला. त्याचा एकटा असा धड फोटो एकच होता, तोही ओळखपत्राचाच, आणि स्टुडिओवाल्याच्या भुवयांचा अनुभव ताजा होता. म्हणून कानबाईचा फोटो घेतला आणि क्रॉप करून दीर तेवढा ठेवला. ती फाइल माझ्याकडे आजही आहे. चाळीस सेकंदात सापडली. मी घड्याळ बघत होते.

बायोडेटा उघडला. दीर पडद्यावर आला, वीस वर्षांनी लहान, भरपूर केस, आकाशी शर्ट. डाव्या खांद्यावर गडद आकाशी रंगाचा एक चौकोन.

"हे काय आहे?" नवऱ्यानं विचारलं.

"बोटं झाकली होती," मी म्हणाले.

क्रॉप कितीही केलं तरी सासूबाईंची चार बोटं खांद्यावर राहत होती. आणखी आत कापलं तर दिराचा कान जात होता. म्हणून शर्टाच्या रंगाची एक चौकट काढून मी ती बोटांवर बसवली. रंग एक छटा गडद झाला. तेव्हा मला ते काम फार सफाईदार वाटलं होतं. पुढे एका स्थळाकडून मुलगा पोलिसात आहे का, अशी विचारणा आली.

"आमच्याकडेही तसंच वाटलं होतं," जाऊबाई म्हणाली. "पप्पा तर त्या पट्टीवरच राजी झाले. नंतर कळलं, हजिऱ्याच्या प्लांटमध्ये वेल्डर आहेत."

"नंतर म्हणजे कधी?" दिरानं विचारलं.

"सुपारी फुटल्यावर."

स्पीकरवर जळगाव हसलं. मी चौकोनावर क्लिक करून तो काढून टाकला. खाली बोटं होती. थोडी धुरकट, पण खरी. त्यांच्या पलीकडे फोटोची कड.

आता मुख्य काम. हे समजायला कापडाचं उदाहरण सोपं पडतं. वर्डमध्ये फोटो क्रॉप केला की तो कापला जात नाही, आत दुमडला जातो. फोटोवर क्लिक करून क्रॉपचं बटण पुन्हा दाबलं की दुमडलेला भाग फिकट होऊन बाजूला दिसतो, तो ओढून बाहेर काढता येतो. हे मी ऑफिसात निदान दहा जणांना शिकवलं आहे. मी तेच सगळ्यांना समजावून सांगितलं, हातवारे करून, पदराचं टोक दुमडून दाखवून. आबांनी खुर्ची पुढे घेतली. मी बटण दाबलं.

फोटोच्या चारी बाजूंना काळे कोपरे आले. बाहेर काहीच नव्हतं. मी कड धरून ओढली. पांढरी जागा आली. आणखी ओढली, आणखी पांढरी जागा आली. फोटो आधीसारखा करायचं बटण दाबलं, दीर होता तेवढाच राहिला.

"दहा मिनिटं झाली," नवरा म्हणाला.

मला कळलं होतं. नियम सहावा. कम्प्रेसमध्ये जाऊन 'क्रॉप केलेला भाग काढून टाका' यावर खूण करून फाइल सेव्ह केली की मग ते दुमडणं राहत नाही, कात्री लागते. कात्री मीच लावली होती. नियम पुढे लिहिला, सवय आधीपासूनची.

आबांनी लॅपटॉप मांडीवर मागितला. दोन्ही हातांनी धरून ते खांद्यावरच्या बोटांकडे बघत राहिले. मग नखानं पडद्यावर एक जागा दाखवली. तर्जनीचं टोक किंचित बाहेर वळलेलं होतं. मला ते इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं, झाकताना तर मी ते किती मोठं करून बघितलं असेल. तरुणपणी बाजरी दळताना जात्याखाली आलेलं बोट, ते म्हणाले. तिचंच आहे.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बाकीनी कोठे गई?"

बाकीची कुठे गेली. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, कारण पडद्याकडे बघता बघता मला सगळं आठवलं होतं. फक्त ते जाऊबाईसमोर सांगायचं नव्हतं.

"आधी इतर ठिकाणी बघू," मी म्हणाले. नणंदेनं सकाळीच स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढून ठेवला होता. तिनं पान उलटत वाचून दाखवावं तसं सांगितलं: हळदीत आई पाठमोरी. मंगलाष्टकात आईला बाहेर थांबवलेलं, त्यामुळे नाहीच. पाठवणीत पदर पूर्ण तोंडावर. पंगतीत एक फोटो आहे, त्यात अर्धा चेहरा, उरलेला वाढप्याच्या कोपराआड. "माझ्या लग्नात सगळ्यात स्पष्ट कोण आलंय सांगू का वहिनी? वाढपी." माझ्या माहेरच्या अल्बममध्येही त्या पंगतीतच आहेत, खाली बघून वाढताना. नणंदेच्या लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागलेली. ज्यानं कानबाईचा फोटो काढला तो मित्र गाव सोडून गेला, स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

"मग तुमच्या त्या फाइलची दुसरी प्रत कुणाकडे असेल ना, वहिनी?" दीर म्हणाला. "कापायच्या आधीची?"

"एकांकडे असेल," मी म्हणाले.

"कोणाकडे?"

"इच्छापोरवाल्यांकडे."

दीर पाणी प्यायला उठला.

"बसा," जाऊबाई म्हणाली. "पाणी मी आणते. हे ऐकून झाल्यावर. ताई, कोण इच्छापोरवाले?"

मी सांगितलं. बायोडेटा तयार झाला तेव्हा पहिल्यांदा तो इच्छापोरच्या एका कुटुंबाला गेला होता. धुळ्याकडचीच माणसं, मुलीचा भाऊ तिकडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कंत्राटदाराच्या ऑफिसात. मी त्याला वर्डची फाइलच ईमेलनं पाठवली, माझ्या तेव्हाच्या ऑफिसातून. ते ऑफिस बंद पडलं, तिथल्या कॉम्प्युटरवरचा मूळ स्कॅन आणि तो ईमेलही गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. फाइल जड आहे, कॉम्प्युटर अडकतो, असं म्हणाला, आणि मग म्हणाला, "ताई, फोटो मोठा करायला गेलो तर बाजूनं अजून फोटो निघाला. त्या आई ना? किती छान हसताहेत. आमच्या आईला तोच आवडला. मामांना दाखवायला पूर्ण फोटोचीच प्रिंट काढून घेतली."

त्यानं हे चांगल्या मनानं सांगितलं. मला मात्र घाम फुटला. त्या पूर्ण फोटोत सासूबाईंच्या मागे आमचा पाण्याचा निळा ड्रम होता आणि ड्रमाला टेकून बनियनवर उभे असलेले चुलत सासरे, काखेत खाजवत. स्थळाला पाठवायच्या कागदातून मी नेमकं जे बाहेर काढलं होतं ते बाहेर न जाता आत घडी घालून पाठवलं होतं, आणि त्याची प्रिंट आता मामांच्या गावी चालली होती. त्याच दिवशी मी क्रॉप केलेला भाग कायमचा काढायचं बटण शोधून काढलं, खूण केली, सेव्ह केली. त्याच फाइलवर. एक ड्रम आणि एक बनियन घालवण्यासाठी. पुढची सगळी स्थळं मला स्वच्छ फोटोनं बघता आली.

"म्हणजे मी दुसरी," जाऊबाई म्हणाली.

"यादीत पाचवी होतीस तू," मी म्हणाले.

माहिती अचूक होती. ती त्या वेळी द्यायला नको होती.

"पाचवी," ती दिराकडे वळून म्हणाली. "एकोणीस वर्षं मला सांगताय, बघताक्षणी ठरवलं."

"तुलाच पहिल्यांदा बघितलं," दीर म्हणाला. "बाकीच्यांकडे गेलोच नव्हतो. विचार वहिनींना, त्यांच्याकडे लिहिलेलं असेल."

लिहिलेलं होतं. नवऱ्यानं स्टूल घेऊन माळ्यावरून त्या वर्षाची वही काढली. दिराच्या लग्नाची यादी एकोणचाळीस कलमांची, पहिल्यापासून शेवटपर्यंत खुणा. मंडप, झालं. आचारी, झालं. गावाकडच्यांची गाडी, झालं. अधे एका ओळीपुढे खूण नव्हती. ती मी बोटानं झाकायला गेले, पण जाऊबाईनं वाचली, मोठ्यानं.

"इच्छापोर: नकार कळवणे. कंसात, नीट बोलून."

नीट बोलून हे मीच लिहिलं होतं. आमच्यात नकार कुणी देत नाही हे खरं आहे. कळवतो म्हणायचं, आणि समोरच्यांनी न कळवण्यावरून काय ते समजायचं. पण त्यांच्या बाबतीत मला तसं करायचं नव्हतं, म्हणून तर लिहून ठेवलं होतं. मुलीच्या आईचे दोन फोन आले होते. पहिल्यांदा म्हणाल्या, कळवा सावकाश. दुसऱ्यांदा म्हणाल्या, रविवारी येणार असाल तर तसं सांगा, मुलगी कामावर रजा टाकेल. मी म्हणाले, कळवते हो. त्या रविवारी आम्ही जाऊबाईच्या घरी सुपारी फोडत होतो. पुढे वर्ष संपत आलं, लग्नाची घाई, आचारी, गाडी. ते कलम तसंच राहिलं आणि मी वही भरली म्हणून नवी घेतली.

"त्या बाईंनी रजा टाकली असेल का?" जाऊबाईनं विचारलं. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"माहीत नाही."

"मी असते तर टाकली असती."

नवरा म्हणाला, "आता त्यांचा नंबर कुठून आणणार? वहीतला तर लँडलाइनचा आहे."

दिरानं घसा खाकरला. "तो मला दिसतो."

"कोण?"

"त्या मुलीचा भाऊ. हजिऱ्यात, आमच्याच गेटवर. सुपरवायझर आहे आता. शिफ्ट सुटताना रोज समोर येतो."

"आणि?"

"आणि काय. तो मोबाइल बघतो, मी बुटाची लेस बांधतो."

"किती वर्षं?" जाऊबाईनं विचारलं.

"अकरा असतील."

"तरीच," ती म्हणाली. "तुमचे बूट लवकर का तुटतात ते आज कळलं."

त्याच्याकडे नंबरही होता. प्लांटच्या सुरक्षेच्या ग्रुपमध्ये दोघंही आहेत. म्हणजे अकरा वर्षं तो नंबर घरात होता. मी ताबडतोब म्हणाले की दिरानं उद्या गेटवर दोन शब्द बोलून फोटोचं विचारावं. दीर म्हणाला, कलम तुमचं आहे. नवरा म्हणाला, अक्षरही तुझंच आहे. स्पीकरवरून नणंद म्हणाली, वहिनी, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत, आणि तिनं घाईनं कुकरचं निमित्त सांगून फोन ठेवला.

मी आबांकडे बघितलं. मला वाटलं, ते म्हणतील राहू दे. ते लॅपटॉप अजून मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "पहिले त्यास्ले जबाब दे. मंग फोटो मांग."

आधी उत्तर, मग मागणं. मी वहीत त्याच क्रमानं लिहून घेतलं.

आबा उठले, स्टुलावर चढायला निघाले, तेव्हा नवऱ्यानं त्यांना धरलं आणि त्यांना हवं होतं ते स्वतः केलं. भिंतीवरची फ्रेम उतरवली. मतदार ओळखपत्रातल्या बाईंना वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवलं. हार कुठं ठेवायचा ते कुणाला कळेना, तो तात्पुरता फ्रीजवर ठेवला.

आज बुधवार. या तीन दिवसांत मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे कुणी रिकामी बसले असं म्हणायला नको. फोनवर बोलायचे मुद्दे वर्डमध्ये काढले. सहा झाले. ते अंगावर आल्यासारखे वाटले म्हणून त्यांचे परिच्छेद केले. मग वाटलं, सुरुवातीला ओळख पटावी म्हणून दिराचा बायोडेटातला फोटो शेजारी असावा. तो लावला, तो तिसऱ्या नियमाप्रमाणे ओळीत बसवला, तरी 'क्षमस्व' हा शब्द पुढच्या पानावर गेला. तो मागे आणण्यात सोमवारची दुपारची सुट्टी गेली. मंगळवारी समास सारखे केले. फोनवर बोलायच्या मजकुराला समास कशाला, असं जाऊबाईनं विचारलं. मी कागद फाडला.

ऑफिसात सहाव्या नियमाखाली पेननं एक ओळ वाढवली: आधी मूळ फाइलची वेगळी प्रत ठेवावी. अकाउंटंटनं वाचलं आणि म्हणाला, बेन, तमारो नियम पण बदलाय छे. माझाही बदलतो, म्हटलं.

लॅपटॉप आता आबांच्या पलंगाशी असतो. सकाळी थेंब घातले की दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. ते झालं की बायोडेटा उघडून मागतात. पडद्यावर दिराचं शिक्षण, उंची, रक्तगट, अपेक्षा सगळं येतं. ते त्यातलं काही वाचत नाहीत. बोटं बघतात, लॅपटॉप मिटतात. काल म्हणाले, हात तर आला, आता दंडापर्यंत आठवतं. हिरव्या बांगड्या होत्या, एक तडकलेली. त्याच्या वर अजून जाता येत नाही.

कानबाईला अकरा दिवस आहेत. भाऊबंद येतील, भिंतीवर मोकळा खिळा बघतील आणि विचारतील. पण ते नंतरचं. इच्छापोरच्या त्या आई असतील का, असतील तर त्यांनी वीस वर्षांपूर्वी नुसत्या कळवते म्हणणाऱ्यांच्या फोटोची प्रिंट कशाला ठेवली असेल, ईमेल तरी उरला असेल का, मला माहीत नाही. मुलगी आता कुठे आहे, तिची मुलं किती मोठी असतील, तेही नाही. हे सगळं फोन केल्यावर कळेल, आणि त्याआधी सांगायचं आहे ते एकच वाक्याचं आहे.

मघाशी आबांनी आतून विचारलं, "लागना का फोन?"

"लावते," मी म्हणाले.

आजची यादी समोर आहे. सकाळचे थेंब, झाले. दुपारचे थेंब, झाले. रोटाचे गहू निवडायला जाऊबाईकडे दिले, झालं. फ्रीजवरचा हार, जाऊबाईनं नेऊन तुळशीत ठेवला, झालं. खाली एक ओळ जुन्या वहीतून जशीच्या तशी उतरवून घेतली आहे, कंसासकट.

नंबर मोबाइलवर काढून ठेवला आहे. इच्छापोर: नकार कळवणे (नीट बोलून). त्यापुढची चौकट रिकामी आहे.